पौषातली पाच देवळं

पौष लागला की मला बरं वाटतं. कारण सांगायचं म्हणजे जरा लाजच वाटते, पण सांगून टाकतो. पौषात लग्नं नसतात. तुळशीचं लग्न लागलं की गावात मांडवांची जी रांग सुरू होते, ती पौषापाशी येऊन थांबते. डीजे गप्प होतो, पत्रिका यायच्या थांबतात, आणि "तुह्यं कधी बे?" हा प्रश्न महिनाभर सुट्टीवर जातो. चाळिशीला टेकलेल्या बिनलग्नाच्या शेतकऱ्याला वर्षात हा एवढाच महिना पारावरून मान वर करून जाता येतं.

यंदाचा पौषही आला. उंद्रीच्या शिवारात हरभरा घाट्यांवर आहे. तूर काढून झाली, बांधावर तुऱ्हाट्यांचे भारे उभे आहेत. सकाळी मोटार सुरू करायला जातो तेव्हा थंडीनं हात खिशातून बाहेर यायला तयार नसतो. आणि फाट्यावर पुन्हा तो फ्लेक्स लागला आहे: 'पंचमहाभूत दर्शन, दक्षिण भारत यात्रा. दोन्ही वेळ आपल्याकडचं जेवण.' खाली पाच देवळांचे पाच गोल फोटो. वायू, पृथ्वी, अग्नी, जल, आकाश. लोक तो फ्लेक्स पाहून हात जोडतात. माझे कान तापतात.

गेल्या पौषात आम्ही त्या बसमध्ये होतो. आम्ही म्हणजे मी आणि माय. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मायला चिखलीच्या एका जाणत्यानं सांगितलं होतं, पोराच्या पत्रिकेत राहू-केतूचा अडसर आहे, कालहस्तीला पूजा करा. आणि एवढं लांब जाताच आहात तर पाचही भूतांची देवळं करून टाका, म्हणजे कुठूनच आडकाठी राहणार नाही. मी म्हटलं, "माय, अडसर राहूचा नाही, शेतीचा आहे. पोरींना नोकरीवाला पाहिजे." माय म्हणाली, "तुह्यं तू सांगू नको. तुले काय समजते?" तुरीचे पैसे हातात होते, हरभऱ्याला एक पाणी देऊन झालं होतं, म्हशीची सोय शेजाऱ्यांनी घेतली होती. नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं.

बसमध्ये सगळे आपल्याच जिल्ह्यातले. बसच्या पोटात गॅसच्या शेगड्या, ज्वारीच्या पिठाचे कट्टे, ठेच्याच्या बरण्या आणि एक आचारी. आमच्याकडची माणसं रामेश्वराला गेली तरी भाकरी सोडत नाहीत. मेहकर सोडलं आणि मॅनेजरनं माइक काढला. "आता एकेकानं आपलं नाव, गाव अन् यात्रेले काऊन निंगालो ते सांगा. मन मोकळं होते." मी झोपल्याचं सोंग घेतलं. मायनं मात्र माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी उंद्रीची. हे माह्यं पोरगं, दिनकर. झोपलं दिसते, पन झोपेल नाई. याच्या लगनासाठी पाची देवाले साकडं घालाले निंगालो. शेती हाये, हिरीले पानी हाये, घर बांधेल हाये. पोरगं सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई. कोनाच्या पाहन्यात एखादी पोरगी असंल तं सांगा बाप्पा. आमची आता काईच अट नाई."

बसनं टाळ्या वाजवल्या. मागून आमच्याच गावचे भिकाजीकाका ओरडले, "काय बे दिन्या, एका पोरीसाठी पाच देव कामाले लावले? थोडे आमच्यासाठी ठेव!" सगळी बस हसली. मीही हसलो. अशा वेळी आपणही हसायचं असतं, हे मला आता चांगलं जमतं. पण 'काहीच अट नाही' हे वाक्य माझ्या कानात राहिलं. कधीकाळी आमच्या अटींना गाडीभर जागा लागायची. पोरगी उजळ पाहिजे, शिकलेली पाहिजे पण नोकरीची हौस नको, बाप तालेवार पाहिजे, मानपान रीतीनं झाला पाहिजे. मग एकेक अट गळत गेली. रंग गेला, शिक्षण गेलं, मानपान गेला, पत्रिका गेली. आता मायच्या तोंडी नुसतं 'पोरगी' एवढंच राहिलं होतं.

माइक पुढच्या सीटवर गेला. तिथे खिडकीशी एक म्हातारी आणि तिच्याशेजारी तिची सून. सून म्हणाली, "मी सुनंदा. सोनाळ्याहून आली. माहेर दुसरबीडचं. सासूबाईले देव पाहाचे होते, मालकाले संत्र्याच्या बगीच्यातून सवड नाई, म्हनून मी संगं." एवढं बोलून तिनं माइक मागे दिला. देताना तिनं माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि शांतपणे पुन्हा पुढे तोंड केलं.

दुसरबीडची सुनंदा. माझे डोळे खाडकन उघडले, आणि लगेच मला वाटलं की उघडायला नको होते.

*

कालहस्तीला वायूचं देऊळ. गाभाऱ्यात हवा शिरायला फट नाही म्हणतात, तरी आतली एक ज्योत हलत राहते. ओळीत उभं राहून पुढं सरकताना मला ती ज्योत दिसली, क्षणभरच. खरोखर हलत होती. बाकीच्या ज्योती स्थिर, ती एकटीच चुळबुळत होती. मायनं कोपरानं ढोसलं, "माग, माग लवकर, लोक लोटून राह्यले." मी काही मागितलं नाही. माझं लक्ष पुढच्या ओळीतल्या सुनंदाच्या हिरव्या पदराकडे होतं. तो मागे वळू नये एवढंच वाटत होतं.

राहू-केतूची पूजा एका मोठ्या दालनात. जमिनीवर ओळी, प्रत्येकापुढे पान, उडीद, कुळीथ, काळं-तांबडं फडकं आणि नागाच्या दोन छोट्या मूर्ती. गुरुजी माइकवर तेलुगूत सांगत आणि मधूनच आमच्यासारख्यांसाठी हिंदीत. "शादी के लिए जो आया है, हाथ ऊपर करो." मी खाली पाहत राहिलो. मायनं माझं मनगट धरलं आणि हात वर केला. शाळेत बाईंनी विचारल्यावर ढ पोराचा हात शेजाऱ्यानं वर करावा तसा.

मग मी हळूच आजूबाजूला पाहिलं. केवढे हात वर होते! चष्मेवाले, टक्कल पडू लागलेले, इस्त्रीच्या शर्टातले, घोट्यापर्यंत धोतर नेसलेले. बहुतेकांच्या शेजारी एकेक आई बसलेली आणि बहुतेक सगळे जमिनीकडे पाहत असलेले. माझ्या बाजूला हैद्राबादचा एक इंजिनिअर होता. त्यानं मला विचारलं, "आप क्या करते हो?" मी म्हटलं, "खेती." तो म्हणाला, "अच्छा है." मी विचारलं, "फिर तुम्हारा क्यों अटका है?" तो म्हणाला, "पता नहीं भाई." त्या दालनात मला थोडं बरं वाटलं हे कबूल केलं पाहिजे. लाज वाटून घेतली की हलकी होते. पण बाहेर आलो, चपला शोधू लागलो, आणि सुनंदा तिच्या सासूच्या चपला काढून देत तिथेच उभी होती. तिनं विचारलं, "झाली का पूजा भाऊ?" मी "हो" म्हटलं. आपण नको म्हटलेल्या माणसाची लग्नासाठीची पूजा झाली का, हे तिनं इतक्या साधेपणानं विचारलं की मी भलत्याच चपलेत पाय घातला.

चुकलो. नको तिनं म्हटलं नव्हतं. नको आम्ही म्हटलं होतं. खरं तर तेही म्हटलं नव्हतं.

*

कांचीचं देऊळ पृथ्वीचं. तिथलं लिंग वाळूचं आहे. पार्वतीनं आंब्याखाली बसून ते वाळूनं वळलं आणि नदीला पूर आला तेव्हा ते वाहून जाऊ नये म्हणून मिठी मारून धरलं, अशी तिथली कथा. त्यामुळे त्याच्यावर पाणी घालत नाहीत. माय घरून तांब्याचा गडू घेऊन आली होती. आमच्याकडे श्रावणात बाया आपल्या हातानं पिंडीवर पाणी घालतात, गाभाऱ्यात शिरून, पिंडीला हात लावून. इथे आत जाऊ देत नाहीत आणि पाणीही चालत नाही हे कळल्यावर ती हिरमुसली. गडू तसाच भरलेला घेऊन बाहेर आली आणि अंगणातल्या आंब्याच्या बुडाशी ओतला. "मातीचाच देव हाये न," म्हणाली, "इथी घातलं काय अन् तिथी घातलं काय."

त्याच आंब्याच्या सावलीत आमचा घोळका जेवायला बसला. आचाऱ्यानं सकाळीच भाकरी थापून बांधून आणल्या होत्या. माय नेमकी सुनंदाच्या शेजारी बसली. मी हातभर अंतरावर भाकरी घेऊन बसलो, उठून जाता येईना.

"तुले लेकरं किती, पोरी?" मायनं विचारलं.

"दोन हायेत मावशी. पोरगी मोठी हाये, आठवीत."

"नशीबवान हायेस माय. अन् आमचं पाय. पोरीवाल्याईचा काय तोरा सांगू तुले! येतात, वावर पाहतात, हीर पाहतात, म्हशीच्या पाठीवरून हात फिरोतात, पोहे खातात, अन् कळोतो म्हनून जातात. मंग फोन बी उचलत नाईत. नाई तं नाई म्हना न! मानूस वाट तं पाहनार नाई."

सुनंदाचा भाकरी मोडणारा हात थांबला. मग तिनं तुकडा मोडला, ठेच्याला लावला, पण खाल्ला नाही. "हाव मावशी," ती म्हणाली, "वाट पाहाचं लय वाईट असते."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात. मी पृथ्वीच्याच देवळात बसलो होतो, पण तिनं काही घेतलं नाही. आणि मायचं अजून संपलं नव्हतं. तिनं सुनंदाचा हात धरला. "तुमच्या सोनाळ्याकडं असंल एखादी तं पाय न माय. गरिबाची चालंल. दिसाले कशी बी चालंल." मी "माय!" म्हणून ओरडलोच. भिकाजीकाका म्हणाले, "वरडतं काऊन बे? तुह्यासाठीच तं मांगून राह्यली ती." सुनंदानं हात सोडवून घेतला नाही. "पाहीन," ती म्हणाली, "विचारून पाहीन मावशी. दोन घरं हायेत आमच्याकडं."

त्या दुपारपासून पुढची सगळी यात्रा मला एकच गोष्ट दिसत राहिली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं दुसरबीड. रस्त्यालगतचं घर, पुढं ओटा, ओट्यावर नवीन सतरंजी. बाबा, माय, आत्या आणि मी. सुनंदाचे वडील उठून उठून पाणी विचारत होते. तिनं पोहे आणले. मी मान वर केली तेवढ्यात तिनं खाली घातली. आत्यानं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, थोडं चालून दाखव म्हणाली. तेव्हा सगळे असंच म्हणत आणि कुणाला त्यात काही वाटत नसे. मला ती आवडली होती. निघताना तिचे वडील बाबांच्या हाताला हात लावून म्हणाले, "मंग काय ठरवता?" माय म्हणाली, "कळोतो." जीपमध्ये बसल्या बसल्या आत्या म्हणाली, "सावळी हाये. अन् बाप लयच साधा दिसते, मानपान काय करीन?" झालं. तिथेच विषय मिटला.

कळवलं नाही. त्यात आम्हाला काही वावगंही वाटलं नाही. आमच्या घरात नाही म्हणायची रीतच नव्हती. गप्प बसायचं, समोरच्यानं समजून घ्यायचं. पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या गावी पोहे खाल्ले, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्या. त्या दोन वर्षांत इतके पोहे खाल्ले की घरी कुणी केले तरी मला नको वाटत. जणू पोरींचा बाजार कधी उठणारच नाही अशा तोऱ्यात आम्ही फिरलो. मग बाजार उठला, आणि आता ओट्यावर सतरंजी आम्ही अंथरतो.

*

तिरुवण्णामलै अग्नीचं. त्याच्याबद्दल फारसं आठवत नाही. गाभाऱ्याशी भट्टीसारखी धग होती, एवढंच. डोंगराची प्रदक्षिणा अनवाणी करायची असते. माय अर्ध्या वाटेत थकली. सुनंदानं तिला खांदा दिला, एका हाताला सासू, दुसऱ्या हाताला माझी माय. मी तिघींच्या मागून पाण्याची बाटली घेऊन चाललो. डांबर तापलेलं होतं. चटका बसला तरी मी बाजूच्या मातीत उतरलो नाही. का उतरलो नाही, सांगता येत नाही.

तिरुवानैकावल मात्र लख्ख आठवतं. जलाचं देऊळ. लिंगाच्या बुडातून पाझर येत राहतो, गाभाऱ्यातलं फडकं सदा ओलं. तिथे एका वाटाड्यानं हिंदीत सांगितलं, की या ठिकाणी देवी शिष्य आहे आणि देव गुरू, म्हणून बाकी देवळांत देवाचं लग्न लावतात तसं इथे लावत नाहीत. माय चपापली. "लगनच नाई लावत? मंग आपून इथी कायले आलो?" आमचा घोळका खो खो हसला. भिकाजीकाका म्हणाले, "दिन्या, हा तुह्या पार्टीचा देव हाये!" सगळ्या यात्रेत मी तिथेच एकदा मनापासून डोकं टेकवलं. मला काही मागायचं नव्हतं आणि देवालाही माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं. इतकं निवांत वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माय म्हणाली, "पाय, पावला तुले."

तिथेच, हात-पाय धुवायच्या नळापाशी, सुनंदा बाटल्या भरत होती. मी धीर केला.

"ताई, मायचं मनावर घेऊ नका. तिले माहीत नाई तुमी कोन ते."

"कोन हाये मी?"

बाटली भरून वाहू लागली. तिनं नळ बंद केला आणि झाकण लावत म्हणाली, "भाऊ, मले पाहाले लय जन आले. चार घरच्याईनं तोंडावर नाई म्हनलं. कोनी म्हने उंची कमी, कोनी म्हने रंग. त्याचं मले काई वाटलं नाई, रडली अन् उठली. तुमीच एकटे कळोतो म्हनून गेले. बाबाले तुमचं घर लय पसंत होतं. पेनटाकळीचं एक स्थळ होतं, त्याईले बाबानं थांबा म्हनलं. रस्त्यावर जीप वाजली का बाबा ओट्यावर येऊन उभे राहात. ते वर्स तसंच गेलं." मग ती थोडं हसली. "आता काय हाये त्याचं? मी सुखात हाये. मालक चांगले हायेत. पन बाबाचं तसं उभं राहनं आठवलं का अजून बी कसंतरीच होते."

मी "चुकलं" म्हणायला हवं होतं. शब्द काही मोठा नाही. पण मी म्हटलं, "द्या इकडं बाटल्या, जड असतील." आणि बाटल्या उचलून बसकडे निघालो.

*

शेवटचं चिदंबरम. आकाशाचं. तिथे आत जाताना पुरुषांनी शर्ट काढायचा असतो. मी काढला आणि मला माझंच अंग दिसलं. कोपरापर्यंत आणि गळ्यापर्यंत काळा, मध्ये बनियनच्या आकाराचा गोरा. सगळी बस माझ्याकडे पाहते आहे असं वाटलं. कुणीही पाहत नव्हतं. भिकाजीकाकांचं अंगही तसंच होतं, सगळ्यांचंच तसं होतं.

नटराजाच्या बाजूला एक पडदा आहे. घंटा वाजते, पडदा सरतो, आणि मागे काहीही नसतं. मूर्ती नाही, पिंडी नाही. नुसत्या सोन्याच्या बेलपानांच्या माळा लोंबतात आणि त्यांच्यामागे रिकामी जागा. तीच आकाशाची पूजा. भिकाजीकाका टाचा उंचावून पाहत म्हणाले, "अन् देव कुठी हाये?" मॅनेजर म्हणाला, "काका, तोच देव. काईच नाई, तेच." काका म्हणाले, "मंग घरीच काय कमी होतं बाप्पा?" पण हात जोडले त्यांनी.

माय मात्र त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. ओठ हलत नव्हते. चारही देवळांत तिचं मागणं दोन हातांवर ऐकू यायचं. इथे ती गप्प. पडदा पडला तरी हलली नाही, मागच्यांनी लोटलं तेव्हा बाहेर आली. बाहेरच्या दगडी मंडपात बसलो. मी शर्ट घालत होतो.

"दिनू," ती म्हणाली, "ते सुनंदा. दुसरबीडची हाये न?"

माझा हात बाहीतच अडकला. "तुले माहीत हाये?"

"पह्यल्याच दिवशी ओळखली. बापाचं तोंड हाये तिले."

"मंग माय, तरी तू तिच्यापाशी... दिसाले कशी बी चालंल म्हनलीस तू तिले!"

"मले म्हनाचं होतं दुसरंच," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रोज ठरोतो, आज म्हनीन. पोरी, आमचं चुकलं म्हनीन. तिच्या बाजूले जाऊन बसतो, तोंड उघडतो, अन् तोंडातून तुह्यं लगनच निंगते. मले दुसरं काई बोलताच येत नाई आता. आज देवापुढं उभी राह्यली तं समोर काईच नाई. मले वाटलं, मी मांगत राह्यली एवढे दिवस ते कोनाले?" तिनं पदर डोळ्यांना लावला. "ते म्हने वाट पाहाचं लय वाईट असते. मले म्हने. माह्या तोंडावर."

मी मायशेजारी बसलो. इतके दिवस मी तिची लाज बाळगत होतो. माइकवरचं तिचं बोलणं, तिनं धरून वर केलेला माझा हात, तिनं सुनंदापुढे पसरलेला पदर. आणि ती माझ्यापेक्षा जास्त लाजेत होती, पहिल्या दिवसापासून, एकटीच. मला तिचा हात धरता आला असता. मी म्हटलं, "चल, बस सुटंल."

सुनंदाला ती तिथेही काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर तिच्या सासूच्या पायाला तेल लावून दिलं, हैद्राबादेत तिच्या पोरीसाठी बांगड्या घेतल्या. चिखलीला उतरताना म्हणाली, "आमच्या घरी ये वं पोरी." सुनंदा म्हणाली, "येईन मावशी." भिकाजीकाकांनी जाहीर केलं की पाच देवांचं मिळून एक तरी काम होईलच. आणि आम्ही घरी आलो. गावातल्या बाया रीतीप्रमाणे पाया पडायला आल्या. यात्रा करून आलेल्याच्या पायाला हात लावला की अर्धं पुण्य मिळतं म्हणतात. माय पाय मागे ओढून घ्यायची. "माह्या नका पडू वं," म्हणायची. बायांना वाटलं, यात्रेनं बाई केवढी नम्र झाली.

हरभरा सोंगायला आला तेव्हा फोन आला. आम्ही दोघं वावरात होतो, दुपार होती, हात हरभऱ्याच्या आंबेनं चिकट झालेले, म्हणून मी फोन बांधावर ठेवून स्पीकरवर लावला.

"भाऊ, मी सुनंदा. दोनी घरी विचारलं. एका घरी नोकरीवालाच पाह्यजे म्हनतात. दुसऱ्या घरची पोरगीच नाई म्हनते, तिले पुढं शिकाचं हाये. नाई जमत भाऊ. उगंच तुमी तिकडं वाट पाहत राहासान, म्हनून सांगितलं."

वाईट वाटायला हवं होतं. मला इतकंच जाणवलं की इतक्या वर्षांत, इतक्या घरांपैकी, नाही म्हणायला कुणाचा फोन आला तो हा पहिला. मी "बरं झालं सांगितलं ताई" म्हणालो. तोवर माय इळा टाकून बांधावर आली होती. फोनकडे वाकून म्हणाली, "पोरी, तुह्या बाबाचा नंबर दे."

"बाबाचा? कायले मावशी?"

"दे तं खरं."

नंबर मीच लावला. माय मातीत बसली, फोन दोन्ही हातांत धरला. पलीकडे उचलला गेला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. "हालो? कोन बोलून राह्यलं?"

"मी उंद्रीहून बोलतो," माय म्हणाली. "लय वर्स झाले. तुमच्या सुनंदाले पाहाले आलो होतो. कळोतो म्हनलं होतं मी. कळोलं नाई. तुमी वाट पाह्यली. चुकलं माह्यं. तेवढंच सांगाचं होतं."

एका दमात म्हणाली. मला वाटलं, पलीकडून फोन कट केला. मग म्हातारा म्हणाला, "उंद्रीचे... हाव. आठवते. तुमच्या पोरानं च्या नव्हता घेतला, नुसते पोहेच खाल्ले." आणि पुढं म्हणाला, "मी तं समजलो होतो, घरात काई दुखनं-भानं झालं असंल तुमच्या. तसं काई नव्हतं न?"

"नाई," माय म्हणाली. "तसं काई नव्हतं."

"मंग बरं हाये," तो म्हणाला. खरंच सुटल्यासारखा म्हणाला. "अन् पोरगा कसा हाये? लेकरं किती त्याले?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं, पण तोंडातून काही निघालं नाही. जे वाक्य ती बसमध्ये, बाजारात, चार देवळांत न थांबता बोलत आली होती, तेच तिला बोलता येईना. तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"काका," मी म्हणालो, "मी दिनकर. नाई झालं माह्यं लगन."

"अरे!" तो म्हणाला. त्या 'अरे'त एवढंसुद्धा दुसरं काही नव्हतं, नुसतं वाईट वाटणं होतं. "अरे बाप्पा. मंग मले काऊन नाई सांगितलं? मी पाहू का इकडं एखादी?"

माय हरभऱ्यात तोंड फिरवून बसली होती. मी "हो काका, पाहा" म्हणालो.